रुखवतात गेलेलं व्हेनिस

पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिस शहरातल्या एखाद्या बाईच्या बाहीची शिवण उसवली असेल, तर ती डाव्या खांद्याची की उजव्या, हे आज या पृथ्वीतलावर छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस एकच आहे, आणि तो अकोल्यात मोटारी भरतो. मोटारी भरतो म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिच्यातली करपलेली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळून देतो. आमच्या वऱ्हाडात विजेचा दाब एखाद्या रुसणाऱ्या जावयासारखा कधी चढतो, कधी उतरतो, त्यामुळे मोटारी बारा महिने जळतात आणि दुकान बारा महिने चालतं. हा माणूस माझा साडू, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. आम्ही त्यांना साडभाऊ म्हणतो. साडभाऊ दारातून आत येतात तेव्हा चौकट जरा अंग चोरून घेते. त्यांनी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला की माणूस टाचेपर्यंत जमिनीत जातो. त्यांचा आवाज असा, की मी मूर्तिजापूरला राहतो आणि ते अकोल्याहून फोन करतात, तेव्हा फोन ही केवळ रीत म्हणून असते. आणि या माणसाची बोटं! शेतातल्या गावरान काकड्या पाहिल्या असतील तर वेगळं सांगायला नको. या काकड्यांनी साडभाऊ माणसं घडवतात. एकेक माणूस अंगठ्याएवढा. त्याच्या सदऱ्याची गुंडी राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान, आणि त्या गुंडीवर पुन्हा नक्षी.

माणसं तरी कुठली? आपल्याकडचा शेतकरी, पाटील, वासुदेव असं काही केलं असतं तर घरच्यांनी समजून घेतलं असतं. पण साडभाऊंची सगळी प्रजा रेनेसान्समधली. म्हणजे तिकडे युरोपात चित्रांना, शिल्पांना आणि व्यापाराला उधाण आलं होतं त्या काळातली. त्यातही राजा नाही, सरदार नाही, तलवारवाला नाही. सगळी साधी संसारी माणसं. फ्लॉरेन्सचा लाल पायघोळ झग्यातला कापडवाला, न्यूरेंबर्गचा पाववाला, गवती टोपी घातलेली फ्लँडर्सची कोळीण, काळ्या मखमलीतली स्पेनची गृहिणी, व्हेनिसच्या घराच्या गच्चीवर उन्हात केस वाळवत बसलेली तरुण पोरगी. त्या पोरीच्या टोपीला नुसती कड आहे, वरचा भाग नाही. कडेच्या सावलीत तोंड गोरं राहतं आणि मधल्या भोकातून बाहेर काढलेले केस उन्हाने सोनेरी होतात. साडभाऊ हे सांगतात आणि वर म्हणतात, "येडी होती. आमच्या आकोल्याच्या गच्चीवर आली असती तं केसं सोनेरी काय, पांढरे झाले असते, थेही जेवणाच्या आत."

मी पहिल्यांदा ही मंडळी पाहिली तेव्हा साडभाऊंनी माझ्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि व्हेनिसची एक बाई समोर धरली. तिच्या पायांत हातभर उंच खडावा होत्या. त्या काळी तिकडे अशी फॅशन होती म्हणे. बाई जितकी मोठ्या घरची, तितकी तिची खडाव उंच, आणि पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोन दासी. त्या दासींपैकी एकीच्या कपाळावर घाम होता. घामाचा एक थेंब! टाचणीच्या टोकाचा चौथा हिस्सा असेल, आणि तो चमकत होता. बाई समोर पाहत होती, ती दासी बाईच्या पायाकडे पाहत होती, आणि दुसरी दासी पहिलीकडे पाहत होती, की बघ, आता ही पडते. मी बोलायचं विसरलो. माझ्या बायकोला विचारा, आमच्या संसारात हे दोनदाच झालेलं आहे. साडभाऊंना मात्र माझं मौन मानवलं नाही. "अमरावतीच्या वाटतेत का नाई?" म्हणाले. अकोल्याच्या माणसाला दिमाख दाखवणारं कोणीही अमरावतीचं वाटतं, मग ते व्हेनिसचं का असेना.

या वेडाची सुरुवात सांगितली तर कोणाला पटणार नाही, म्हणून मी ती प्रत्येकाला सांगतो. मोटारीच्या आतल्या खाचांत बसवायच्या कागदाचा आधी फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, कापावा लागतो, आणि फर्म्याला जाड कागद लागतो. साडभाऊंनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड परदेशी पुस्तक उचललं. चित्रांचं होतं, पण चित्र कोण पाहतो. कागद पाहिला, दोन बोटांत चोळला, म्हणाले झकास. पुस्तकात मानाप्रमाणे माणसं लावलेली. आधी राजे, मग सरदार, मग शिपाई आणि शेवटी रयत. साडभाऊंनी पहिल्या पानापासून कात्री लावली. त्या हंगामात शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागांना ज्या मोटारींनी पाणी पाजलं, त्यांचे फर्मे युरोपच्या राजघराण्यांतून कापलेले होते. पुस्तक निम्मं संपलं तेव्हा कात्रीखाली ती खडावांवरची बाई आली. कात्री तिच्या मानेशी थांबली. साडभाऊ म्हणतात, "थे माह्याकडं अशी पाहे, जसं काही म्हनते, काप, काप, तुह्या मायनं हेच शिकवलं तुले." त्या दिवशी गिऱ्हाइकाची मोटार तशीच राहिली. तर सगळे राजे आणि सरदार आधीच फर्म्यांत गेले आणि उरली फक्त साधी माणसं, हे खरं कारण. पण आता विचारलं तर साडभाऊ छाती फुगवून सांगतात, "राजा-बिजा आपन करत नाई. तत्त्व हाय."

पुस्तकाची भाषा त्यांना येत नव्हती. मुलीच्या फोनवर एकेका ओळीचा फोटो काढून ते ती उलगडून घेत, आणि उरलेलं स्वतःच्या डोक्याने लावत. त्यांच्या हिशेबात फ्लॉरेन्स म्हणजे अकोला: कापडाचा धंदा, पेढ्या आणि प्रत्येक गल्लीत दोन पार्ट्या. व्हेनिस म्हणजे अमरावती, हे आलंच. पदुआ हे मूर्तिजापूर, कारण ते मधे आहे आणि कोणी मुद्दाम तिथे जात नाही. हे ते माझ्या तोंडावर सांगतात. प्रांताच्या बाबतीत मात्र चेष्टा चालत नाही. व्हेनिसच्या बाहीची फीत पदुआच्या खांद्यावर गेली, तर ते केलेलं माणूस मोडून पुन्हा करतात. "आकोटची बाई आन् दर्यापूरची बाई मी पाठमोरी ओळखतो," असं त्यांचं म्हणणं. अकोल्याच्या स्टेशनवर एकदा त्यांनी मला हे करून दाखवलं. पुढे चाललेल्या बाईंचा पदर पाहून मोठ्याने म्हणाले, "ह्या बार्शीटाकळीच्या." बाई वळल्या. त्या साडभाऊंच्या सख्ख्या चुलतबहीण निघाल्या, अकोल्याच्याच, आणि पुढची गाडी येईपर्यंत त्यांनी भावाची जी काही हजेरी घेतली, ती ऐकायला हमालही ओझी खाली ठेवून थांबले होते. आणखी एक खोड म्हणजे लग्नाकार्यात अनोळखी माणसाची बाही धरून तिची शिवण उलटून पाहणं. एकदा एका नवरदेवाच्या मामाने त्यांना त्याबद्दल मंडपाबाहेर नेलं होतं. परत आले ते दोघं गळ्यात गळा घालून. मामाच्या बाहीत म्हणे जिनोआची चूण होती.

काम करायची पद्धत अशी. जळक्या मोटारीची तार हा माणसाचा सांगाडा. नळ गळू लागला की लावतात ती पुट्टी म्हणजे मांस. खसखशीचे दाणे म्हणजे मोती. गळ्याभोवतीची चुण्याचुण्यांची कॉलर संत्र्यांच्या पेटीत येणाऱ्या पातळ कागदाची. आता ही कॉलर इतकी हलकी, की कोणी शिंकलं तर ती पुन्हा सापडत नाही. म्हणून कॉलरी चालू असल्या की घरात पंखा बंद. कूलर बंद. अकोल्याच्या मे महिन्यात, मंडळी! जिथे दुपारी कावळा उडता उडता विचार बदलतो, त्या गावात दारंखिडक्या लावून पंखा बंद! आमच्या ताई, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, पदराने वारा घेत घेत म्हणतात, "घरच्या मानसाच्या बनियानले भोकं पडले, आन् त्या बोटाएवढ्या मेल्यायले मखमल!" जर्मनीकडची फॅशन म्हणून एकदा साडभाऊंनी जागोजागी चिरा देऊन आतलं रंगीत अस्तर बाहेर काढलेले कपडे केले, तेव्हा ताईंनी भिंग लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "शिंप्याकडून पैसे देऊन फाडून घेत होते का हे?" साडभाऊ म्हणाले, "व्हय." ताई म्हणाल्या, "मंग तुमचे बनियान त्यायले द्या." मी स्वतः त्या घरात जपून बसतो. कारण एका दिवाळीत मी न्यूरेंबर्गच्या पाववाल्यावर बसलो. पाववाला वाचला, मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. पुढे वर्षभर साडभाऊ माझी ओळख "हे आमचे साडू, पाववाल्यावर बसनारे" अशी करून देत होते.

तर अशी ही वस्ती वाढत वाढत कपाटाचे सगळे खण भरून गेली, आणि साडभाऊंच्या एकुलत्या एका मुलीचं, रेणूचं, लग्न ठरलं. मुलगा अमरावतीचा. व्हेनिसचाच म्हणा ना. घरात रुखवताची चर्चा सुरू झाली. माझ्या बायकोने खोबऱ्याची तुळस, साखरेची सप्तपदी, चिवड्याचा डोंगर अशी सगळी आखणी केली, आणि साडभाऊ खाकरून म्हणाले, "रुखवत मी मांडतो."

ताई म्हणाल्या, "काय मांडता? तुमचे थे गोरे?"

"गोरे नाई. नागरिक हायेत थे. फ्लॉरेन्सच्या नवरीची वरात मांडतो. नवरी सासरी चालली, मांगं पेटारे, सोयरेधायरे, समदं गाव पोचवाले निघालं. रुखवतच हाय ना थे."

रेणूने बापाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, मांडू दे बाबाले."

मंगल कार्यालयात साडभाऊंनी जे मांडलं, ते पाहिलेली माणसं अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. टेबलाच्या एका टोकाला माहेरचं दार, दुसऱ्या टोकाला सासरचं, आणि मधे अख्खा युरोप. पुढे नवरी, मागे हमालांच्या खांद्यावर रंगवलेले पेटारे. पेटारा उघडा, आत बाह्यांचे जोड घडी घालून ठेवलेले, कारण त्या काळी बाह्या वेगळ्या असत आणि फितीने बांधत. एक म्हातारी उंबऱ्यात थांबून पदराने डोळे पुसतेय. म्हणजे पदर नव्हे, जे काय असेल ते. कोळीण टोपली खाली ठेवून पाहतेय. गच्चीवरची पोरगी केस सोडून वाकून पाहतेय. इकडे स्टेजवर मंगलाष्टकं चालू आणि वऱ्हाडी मंडळी रुखवताभोवती. भटजींनी दोनदा माइकवरून "अक्षता टाका" म्हटलं, शेवटी तेही सावधान म्हणता म्हणता मान लांब करून तिकडेच पाहू लागले. जेवणाच्या पंगतीत जिलेबी उरली. वऱ्हाडातल्या लग्नात जिलेबी उरते म्हणजे काय झालं असेल ते समजा. साडभाऊ टेबलापाशी उभे होते. अंगावर नवा सदरा. एवढ्या माणसांनी त्यांची माणसं पहिल्यांदाच पाहिली होती.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली आणि अमरावतीच्या बायका रिकामी खोकी घेऊन रुखवताच्या टेबलाशी आल्या. चिवड्याचा डोंगर एका खोक्यात गेला, साखरेची सप्तपदी दुसऱ्या. मग फ्लॉरेन्सची वरात. साडभाऊ माझ्याशी बोलत होते, ते बोलता बोलता थांबले.

"हे काय करून राहिल्या?"

"भरून राहिल्या," मी म्हटलं. "रुखवत आहे ना."

"मंग?"

"मग काय? रुखवत नवरीसोबत सासरी जातं."

देवाशपथ सांगतो, त्या माणसाला हे माहीतच नव्हतं. फ्लॉरेन्सची नवरी सासरी जाताना कोणत्या पेटाऱ्यात काय नेत होती, हे त्यांना मुखोद्गत. पण स्वतःच्या घराण्यातल्या एवढ्या लग्नांत रुखवताचं पुढे काय होतं, याच्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ते बायकांचं काम. त्यांना वाटलं, मांडतात आणि उचलून आणतात. ते टेबलाकडे निघाले, तोच ताईंनी दंड धरला. एवढा मोठा माणूस, ताईंच्या दोन बोटांत थांबला. "रुखवतातला एक चमचा जरी वापस मागतला ना," ताई दात दाबून म्हणाल्या, "तं पोरीले जलमभर आयकावं लागंल. चुप ऱ्हा." गाडी निघाली, बँडवाल्यांनी एकदम जोर केला, आणि कोणाला काही कळायच्या आत साडभाऊ गाडीमागे धावत सुटले. हात वर करून, धोतराचा सोगा सुटलेला. "काय जीव हाय बापाचा!" म्हणत सगळ्या बायका रडायला लागल्या, बँडवाल्यातला क्लॅरिनेटवाला रडायला लागला. मी त्यांच्या मागे धावत होतो, म्हणून ते काय ओरडत होते ते मलाच ऐकू आलं. "खोके आडवे ठेवू नोका होऽ! खोके आडवे ठेवू नोका!"

त्यानंतर साडभाऊंचा आवाज बसला. घशाचा नव्हे, माणसाचाच. फोन आला की आता मला फोन कानाला लावावा लागू लागला. दुकानात मोटारी भरून होत, पण गिऱ्हाइकाशी भांडण नाही, वीजवाल्यांना शिव्या नाहीत. जेवताना ताईंनी मुद्दाम त्यांच्या माणसांना नावं ठेवून पाहिली, तरी ते भाकर कुस्करत राहिले. घाबरून ताईंनी मला बोलावलं. "तुमी मधात राह्यता. अमरावतीले जा, काही तरी करा. मागू नोका, पन आना." हे असं काम आमच्या वऱ्हाडात फक्त साडूलाच सांगता येतं.

मी गेलो. रेणूच्या सासूबाई, म्हणजे आमच्या इनबाई, हे अमरावतीतलं एक मोठं प्रकरण आहे. आवाजात साडभाऊंच्या तोडीच्या, आग्रहात त्यांच्याहून वरचढ. मी रीतसर खुशाली विचारली, तोवर ताट आलं. ताटातून मान वर काढावी आणि विषय काढावा, तर वाढणारा हात आडवा. तिसऱ्या पुरणपोळीनंतर मी कसाबसा म्हणालो, "इनबाई, ते रुखवत..." त्या उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. नवं काचेचं कपाट केलं होतं, कुलूप लावलेलं, आत दिवा. साडभाऊंचं अख्खं गाव आत उभं. "हे आमच्या सुनेचं माहेर हाय," इनबाई म्हणाल्या. "याले मी कोनाले हात लावू देत नाई. माह्या पोराले पन नाई." आता सांगा, यानंतर काय मागणार? मी मूर्तिजापूरला परत आलो तो पोट धरून, आणि हातात इनबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी.

बरणी घेऊन मी अकोल्याला गेलो. साडभाऊंनी बरणी कडेला सरकवली. त्यांच्या टेबलावर नवी माणसं उभी होती. हात काही गप्प बसले नव्हते. एक मिलानचा चांभार, एक बाळाला कडेवर घेतलेली बाई, एक लाल झग्यातला म्हातारा व्यापारी. कपडे असे की भिंग लावल्यावर कापडाचा वास यावा. पण कोणालाच डोळे नव्हते. सगळे चेहरे कोरे, सोललेल्या बदामासारखे.

"डोळे राहिले काय साडभाऊ?"

त्यांनी ब्रश पुसला. मग म्हणाले, "माह्या डोयानं दिसत नाई आता थेवढं. कधीचंच दिसत नाई, कपडे बोटायच्या सवयीनं होतेत. रेणू काढे ना डोये." रोज कॉलेजातून आली की ती बसायची म्हणे, एका केसाचा ब्रश घेऊन. आधी विचारायची, बाबा, ही कुनाकडं पाहून राहिली? ते सांगायचे, ही तिच्या पायाकडं, हा गिऱ्हाइकाकडं, ही कोनाकडंच नाही, घरी दूध उतू गेलं असंल याचा विचार करते. मग ती दोन ठिपके द्यायची आणि ते माणूस पाहायला लागायचं. "मी नुसते कपडे शिवतो," साडभाऊ म्हणाले. "मानूस थे करे." एवढं बोलून त्यांनी पुन्हा कोऱ्या चेहऱ्याच्या त्या म्हाताऱ्याला गुंडी लावायला घेतली. मला तेव्हा समजलं की त्या दिवशी त्यांच्या घरून गाव गेलं आणि गावाला डोळे देणारीही गेली, एकाच गाडीत. पहिलं परत मागायची लाज आणि दुसरं परत मागायची रीत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. अमरावतीहून जेवणाचं बोलावणं. रेल्वेत साडभाऊ माझ्यासमोर बसले आणि बडनेरा येईपर्यंत एकच वाक्य घोकत होते: "इनबाई, थोडे दिवसासाठी नेतो, रंग उडाला असंल." ताईंनी डोळे वटारले की थांबत, ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं की पुन्हा सुरू. घरी पोहोचलो तर दारात चपलांचा डोंगर. आत महालक्ष्म्या उभ्या, शालू नेसलेल्या, आणि त्यांच्यापुढे पायऱ्या पायऱ्यांवर साडभाऊंची वस्ती. दिव्यांची माळ सोडलेली. सगळ्या कॉलनीच्या बायका रांग लावून पाहत होत्या. आणि काय सांगू, व्हेनिसच्या बाईपासून फ्लँडर्सच्या कोळणीपर्यंत एकूण एक बाईच्या कपाळाला हळदकुंकू! स्पेनच्या गृहिणीच्या काळ्या मखमलीवर अक्षता! मी हळूच साडभाऊंचा सदरा मागून धरून ठेवला. त्यांच्या मानेची शीर फुगली होती.

इनबाई आलेल्यांना समजावून सांगत होत्या. "ही इंग्लंडची राणी," त्यांनी खडावांवरच्या बाईकडे बोट केलं. "आन् ह्या दोघी तिच्या सुना."

माझ्या हातात सदऱ्याची नुसती शिवण उरली. साडभाऊ थेट महालक्ष्म्यांसमोर. "राणी नाई होऽ!" तो आवाज, कित्येक महिन्यांनी ऐकलेला, त्याने दिव्यांची माळ हलली. "राणी-बिनी काही नाई! व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याची बायको हाय थे. आन् सुना नाईत, दासी हायेत. थे पाहा, हिच्या कपाळावर घाम." बायका वाकल्या. "अवो माय, खरंच घाम!" एकीने विचारलं, "आन् हे उंच कावून घातलं?" संपलं. साडभाऊ सांगू लागले. खडावा सांगितल्या, बाह्या सांगितल्या, उन्हात वाळवलेले केस सांगितले. एका आजीबाईंनी विचारलं, "आन् यायच्यात रुखवत असे का?" तेव्हा पेटारे सांगितले. पहिली रांग ऐकून जेवायला गेली, दुसरी आली, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आंबील निवली, वडे गार झाले, इनबाई स्वतः कमरेवर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या आणि मधेच विचारू लागल्या, "इवाई, ह्या पोराच्या टोपीले पिस कावून?" मी साडभाऊंना तीसेक वर्षं ओळखतो. इतक्या वर्षांत त्यांना कोणी 'कावून', म्हणजे 'का', असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे 'कशाला' विचारायचो.

गर्दी ओसरल्यावर इनबाईंनी कपाटाची किल्ली कमरेची काढून त्यांच्यापुढे धरली. "घेऊन जा दादा. पोरीनं सांगतलं मले काल. आधी सांगतलं असतं तं मी त्याच दिवशी पोचवून देल्ले असते. मले वाटलं, पोरीचं माहेर हाय, जपून ठेवा." साडभाऊंनी त्या पायऱ्यांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, कपाळावरच्या कुंकवासकट.

"राहू द्या," ते म्हणाले. "आकोल्यात यायले पाहाले कोन येत होतं? मी आन् भिंतीवरची पाल."

मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी सुपारीची एक डबी काढली. आत कापसात तो लाल झग्यातला म्हातारा व्यापारी, बिनडोळ्यांचा. त्यांनी ती रेणूपुढे नुसती उघडून धरली. रेणूने हात पुसले, आतून ब्रश आणला. म्हणजे तिने सोबत नेला होता तर. खिडकीशी उजेडात बसली, म्हाताऱ्याला चिमटीत धरला आणि सवयीने विचारलं, "बाबा, हा कुनाकडं पाहून राहिला?"

ज्या माणसाला पाचशे वर्षांपूर्वीच्या प्रत्येक माणसाची नजर ठाऊक होती, त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तूच ठरव आता," म्हणाले.

रेणूने म्हातारा उजेडाकडे वळवला. मग श्वास धरून दोन ठिपके दिले, फुंकर घातली आणि म्हातारा बापाच्या तळव्यावर उभा केला. मी भिंग लावून वाकून पाहिलं. त्याची नजर समोर नव्हती, रस्त्यावर नव्हती, पेटाऱ्यावर नव्हती. ती सरळ वर होती. ज्याने हातात धरलं असेल, त्याच्या तोंडाकडे तो पाहत होता.

साडभाऊंनी माझ्या हातातून भिंग ओढून घेतलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बुबुळ जरासं वर झालं," आणि इनबाईंनी म्हाताऱ्याला पायरीवर ठेवायला हात पुढे केला तरी ते मूठ काही उघडेनात.